खासगी कॉलेजची फी, शिष्यवृत्ती आणि कर्ज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात मी अकरा वर्षं काम केलं. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीसमोर रांग लागते, पिशवीत कागद घेऊन आईवडील येतात आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. वाईट याचं वाटतं की अनेकजण प्रवेश पक्का झाल्यावर विचारायला येतात. तोवर काही सवलती हातातून गेलेल्या असतात. म्हणून ही उत्तरं महाराष्ट्रातल्या विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांत, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंट अशा अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. शक्यतो प्रवेश प्रक्रियेत कॉलेजांचे पर्याय भरण्याआधी वाचा.

खासगी कॉलेजची फी ठरवतं कोण? कॉलेज वाटेल तेवढी लावू शकतं का?

नाही. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानुसार विनाअनुदानित खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं. कॉलेज आपले पगार, इमारत, प्रयोगशाळा यांचा खर्च कागदपत्रांसह मांडतं आणि प्राधिकरण आकडा ठरवतं. त्याआधी हेच काम शिक्षण शुल्क समिती करायची. यामागे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात खासगी संस्थांना स्वतःची फी ठरवण्याची मोकळीक मान्य झाली, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी मागितली जाणारी देणगी, यांना नकार मिळाला. २००५ च्या पी. ए. इनामदार खटल्यात हीच भूमिका पुन्हा मांडली गेली, आणि तो खटला तर महाराष्ट्राविरुद्धचाच होता.

याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच: प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक अभ्यासक्रमाचा मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. तो आधी बघा, छापून जवळ ठेवा आणि मगच कॉलेजच्या लेखा विभागात जा.

माहितीपत्रकात एक आकडा आणि काउंटरवर दुसराच. हा फरक कुठून येतो?

पावतीवरच्या ओळी एकेक करून वाचा. शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क मिळून मंजूर फी होते. त्याखाली विद्यापीठाची नोंदणी, पात्रता शुल्क, परीक्षा शुल्क, विमा, अशा किरकोळ ओळी येतात. मग अनामत रक्कम, ती शेवटी परत मिळते. आणि मग येतात गणवेश, बस, मेस, वसतिगृह, 'ट्रेनिंग अँड प्लेसमेंट', 'स्किल डेव्हलपमेंट' अशा गोष्टी.

शेवटच्या गटावर बोट ठेवून विचारा, "हे बंधनकारक आहे का?" बस आणि वसतिगृह ऐच्छिकच असतात. इतर ओळींबद्दल "सगळे भरतात" असं उत्तर मिळालं तर ते उत्तर नाही. कोणत्या मंजुरीने घेतली जाते ते लेखी मागा. हा प्रश्न विचारायला पालक संकोचतात, मुलाला त्रास होईल असं त्यांना वाटतं. पण चार वर्षं दरवर्षी दहा-बारा हजार म्हणजे जवळजवळ अर्धा लाख रुपये होतात. तेवढ्यासाठी पाच मिनिटांचा संकोच बाजूला ठेवायला हवा.

शिष्यवृत्तीचा हिशेबही याच पावतीवर होतो. बहुतेक सरकारी योजना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कावर चालतात. बाकीच्या ओळी तुमच्या खिशातून जातात. म्हणून 'फी माफ' ऐकल्यावर लगेच निश्चिंत होऊ नका.

कॅप राउंडमधून प्रवेश आणि मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेश यांत पैशाच्या दृष्टीने काय फरक पडतो?

या पानावर एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

राज्याच्या जवळजवळ सगळ्या फी-सवलती केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सीईटी कक्षाच्या कॅप राउंडमधून आलेल्यांनाच मिळतात. संस्था स्तरावर किंवा मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की राजर्षी शाहू महाराज योजना नाही आणि मुलींची पूर्ण सवलतही नाही (दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे). उत्पन्न कितीही कमी असलं तरी.

एक प्रसंग सांगते. एक मुलगी, वडील रिक्षा चालवणारे, सीईटीला बरे गुण. तिसऱ्या फेरीत तिला आयटी शाखा मिळत होती, पण तिला कॉम्प्युटरच हवी होती. कुणीतरी सांगितलं, "मॅनेजमेंटमधून घे, फी तीच आहे." तिने कॅपची जागा सोडली आणि त्याच कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घेतली. ऑक्टोबरमध्ये ती शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला माझ्याकडे आली तेव्हा तिला हे कळलं. माझ्या हातात करण्यासारखं काहीच नव्हतं. चार वर्षांची पूर्ण फी त्या घराने भरली, आणि दोन्ही शाखांच्या पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय सारखेच होते.

शाखेचा हट्ट चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण तो धरताना त्याची किंमत माहीत असावी.

खासगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ असेल तर?

मग वर सांगितलेलं चित्र बदलतं. मुलींच्या पूर्ण सवलतीच्या शासन निर्णयातून खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणारी विद्यापीठं वगळलेली आहेत. नावात 'युनिव्हर्सिटी' असलेली संस्था एखाद्या सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न आहे की स्वतःच विद्यापीठ आहे, हे प्रवेशाआधी विचारा. काही कॉलेजं मध्येच विद्यापीठात रूपांतरित होतात, म्हणून मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर विसंबू नका.

आम्ही खुल्या प्रवर्गातले. आम्हाला काही मिळतं का?

मिळतं, आणि याच लोकांना ते सर्वात कमी माहीत असतं. 'ईबीसी' म्हणून ओळखली जाणारी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना याच घरांसाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं, प्रवेश कॅपमधून हवा आणि विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी हवा. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची ५० टक्के रक्कम शासन देतं. एका कुटुंबातल्या दोन मुलांपर्यंत लाभ मिळतो. अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, दरवर्षी.

मुलींची फी पूर्ण माफ झाली म्हणतात. म्हणजे कॉलेजात काहीच भरायचं नाही?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास (एसईबीसी) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ५० ऐवजी १०० टक्के शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत मिळाली. २०२४-२५ या वर्षापासून ती लागू आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. आधीपासून शिकत असलेल्या मुलीही यात येतात.

पण विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, विद्यापीठाच्या किरकोळ फिया या निर्णयात नाहीत. त्यामुळे 'शून्य' अशी पावती अपेक्षित धरू नका. आणि महाडीबीटीवर अर्ज भरावाच लागतो. "माफच आहे ना" म्हणून अर्ज न भरलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. वर्ष संपताना कॉलेजने पूर्ण फीची मागणी केली तेव्हा त्यांच्या घरात रडारड झाली.

अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, व्हीजेएनटी यांच्यासाठी नेमकं काय आहे?

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. त्यात फीबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर 'फ्रीशिप', म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती, पण निर्वाह भत्ता नाही. अनुसूचित जमातीसाठी आदिवासी विकास विभागाच्या अशाच योजना आहेत. व्हीजेएनटी (विमुक्त जाती व भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्क पूर्ण मिळतं, ओबीसी मुलांना निम्मं.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत एक बदल अनेक घरांना गोंधळात टाकतो. आता केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातला फीचा भाग कॉलेजला द्यायचा असतो आणि नियमाने त्यासाठी सात दिवसांची मुदत आहे. खात्यात एकदम मोठी रक्कम दिसली की घरच्या अडचणीत ती खर्च होते, हे समजण्यासारखं आहे. पण पुढे निकाल आणि दाखला अडकतो. आलेले पैसे कशाचे, फीचे किती आणि भत्त्याचे किती, हे त्याच दिवशी कॉलेजच्या कारकुनाकडून लिहून घ्या.

"आत्ता पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ," असं कॉलेज म्हणतं. ते बरोबर आहे का?

पात्र विद्यार्थ्याकडून शासन देणार असलेला हिस्सा प्रवेशाच्या वेळी घेऊ नये, असे आदेश आहेत. ईबीसीचा मुलगा असेल तर निम्मं शिक्षण शुल्क घ्यायचं, पूर्ण सवलत असेल तर शिक्षण शुल्क मागायचंच नाही.

कॉलेजची बाजूही मला माहीत आहे. शासनाकडून पैसे यायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि प्राध्यापकांचे पगार दर महिन्याला द्यावे लागतात. ही अडचण खरी आहे. पण ती सोडवण्याचं काम ज्याच्या घरात आधीच पैसे नाहीत त्याच्या गळ्यात टाकता येत नाही. प्राचार्यांना साध्या भाषेत अर्ज द्या: मी अमुक योजनेला पात्र आहे, उत्पन्नाचा दाखला जोडला आहे, माझ्याकडून योजनेप्रमाणेच शुल्क घ्यावं. माझा अनुभव असा की तोंडी विनंती जिथे फेटाळली जाते तिथे लेखी अर्जावर निदान हप्ते तरी मिळतात.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे काय? ईबीसीपेक्षा ते चांगलं का?

टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्युशन फी वेव्हर स्कीम. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या या योजनेत प्रत्येक अभ्यासक्रमाच्या ५ टक्के जादा जागा असतात. त्या गुणवत्तेवर भरतात, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. पर्याय भरताना तिचा वेगळा चॉइस कोड टाकावा लागतो. इथे शासनाकडून पैसे येण्याची वाट बघायची नसते, शिक्षण शुल्क मुळातच लागत नाही. हा मोठा फायदा. पण जागा मोजक्या असतात आणि कटऑफ बराच वर जातो. शिवाय नंतर शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. खुल्या प्रवर्गातल्या मुलांनी हा कोड आपल्या यादीत वरच्या बाजूला टाकलाच पाहिजे असं माझं मत आहे.

कोणते कागद आधी तयार ठेवावेत?

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, शिधापत्रिका. नॉन-क्रीमीलेअर ३१ मार्चला संपतं हे लक्षात ठेवा. जात वैधतेला महिने लागतात, म्हणून अकरावीतच अर्ज करा.

नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का ते बघा. आधारवर एक आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं असेल तर आधार दुरुस्त करून घेणं सोपं पडतं. ते काम मेमध्ये उरका. जूनपासून सेतू केंद्रावर उभं राहायला जागा नसते.

अर्ज मंजूर दिसतो, पण पैसे खात्यात आले नाहीत. कुठे गेले?

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण अर्ध्या तक्रारी इथेच असतात.

महाडीबीटी पैसे खाते क्रमांकावर पाठवत नाही, आधार क्रमांकावर पाठवतं. तुमचं आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं गेलं त्या बँकेत ते जातात. अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला याने फरक पडत नाही. एका मुलाचे पैसे असेच 'हरवले' होते. तीन महिने तो फेऱ्या मारत होता. शेवटी मी त्याला आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी आधारला कोणती बँक जोडली आहे ते, बघायला लावली. तिथे एका बँकेचं नाव दिसलं आणि तो गप्पच झाला. आठवीत असताना शाळेने गावातल्या बँकेत त्याचं खातं उघडलं होतं, पासबुक आजीच्या ट्रंकेत होतं. दोन वर्षांची शिष्यवृत्ती त्या खात्यात पडून होती.

म्हणून अर्ज करण्याआधी सीडिंगची स्थिती बघा. आधार 'लिंक' असणं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, 'सीड' असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत सीडिंगचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. खातं चालू आहे का हेही विचारा; बरेच दिवस व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं आणि पैसे परत जातात.

अर्ज 'सेंड बॅक' झाला. आता?

घाबरू नका, तो नाकारलेला नाही. शेरा वाचा, चूक दुरुस्त करा, पुन्हा पाठवा. अडचण एवढीच की त्याचा मेसेज अनेकांच्या लक्षात येत नाही आणि मुदत निघून जाते. दर आठवड्याला एकदा लॉगइन करून बघा. अर्ज आधी कॉलेजच्या कारकुनाकडे, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग विभागाकडे जातो. कोणत्या टेबलावर अडकला ते पोर्टलवर दिसतं, म्हणजे कुणाला भेटायचं तेही कळतं.

केंद्राच्या काही शिष्यवृत्त्या आहेत का?

एआयसीटीईची 'प्रगती' मुलींसाठी, 'सक्षम' दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आणि 'स्वनाथ' मुख्यतः अनाथ विद्यार्थ्यांसाठी. तिन्हींत वर्षाला ५० हजार रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. एकाच वेळी दोन योजना घेता येतात का हे प्रत्येक योजनेच्या अटींत बघा.

फी सुटली, पण राहण्या-जेवणाचं काय?

शहरात राहून शिकणाऱ्या मुलाचा हा खर्च कधीकधी फीपेक्षा जास्त होतो. त्यासाठी वेगळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वयम् योजना, ओबीसी आणि व्हीजेएनटी विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत स्वाधार आणि आधार या योजनांत वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. भाडेकरार नीट करून घ्या, तोंडी खोली घेतली तर अर्जात अडचण येते.

शैक्षणिक कर्ज घ्यावं का? किती?

उरलेल्या रकमेचं घ्या, पूर्ण फीचं नको. आधी सवलत किती मिळते ते ठरू द्या.

साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. हप्ते अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष संपल्यावर सुरू होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं, आणि हे बँकेत कुणी ठासून सांगत नाही. हिशेबासाठी दर १० टक्के धरू. दरवर्षी सुरुवातीला दीड लाख, असे चार वर्षांत सहा लाख घेतले. पहिल्या वर्षी व्याज १५ हजार, मग ३०, ४५, ६०. चार वर्षांचे दीड लाख आणि हप्ते सुरू होण्याआधीच्या त्या एका वर्षाचे आणखी ६० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच सहाचे आठ लाख दहा हजार झाले. जमत असेल तर शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहा, अगदी दीड-दोन हजारांनी सुरुवात करा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळासाठी, ३ टक्के व्याजसवलत मिळू शकते. पण ती गुणवत्ता क्रमवारीतल्या निवडक संस्थांपुरती आहे. खासगी कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी तपासा. ज्या वर्षी व्याज भरायला लागता तेव्हापासून आठ वर्षं व्याजावर आयकरात वजावट मिळते, फक्त जुन्या करपद्धतीत.

कॉलेज स्वतः काही मदत करतं का?

काही करतात. गुणवत्तेवर सवलत, संस्थाचालकांच्या नावाचे निधी, माजी विद्यार्थ्यांचे फंड. याची जाहिरात क्वचित होते, विचारावंच लागतं. 'कमवा आणि शिका' ही तर आपल्याच मातीतली रीत आहे. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती रुजवली. आजही अनेक महाविद्यालयांत ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत रोज दोन-तीन तास काम करून मुलं आपला खर्च काढतात. त्या मुलांबद्दल मला फार आदर आहे. माझ्या खिडकीशेजारी फाइली लावणारा एक मुलगा आज त्याच कॉलेजात शिकवतो.

प्रवेशासाठी वेगळी देणगी मागितली तर?

देऊ नका. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीला १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. पावती न देता मागितलेला पैसा, किंवा शेजारच्या ट्रस्टच्या नावाने मागितलेली 'ऐच्छिक' रक्कम, दोन्ही तेच.

प्रवेश रद्द केला तर पैसे परत मिळतात का?

एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे अभ्यासक्रम सुरू होण्याआधी रद्द केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी फी परत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अखत्यारीतल्या प्रवेशांना २०१८ पासून टप्पे आहेत: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत थोडं प्रक्रिया शुल्क कापून पूर्ण, त्यानंतर ९०, ८० आणि ५० टक्के, शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काही नाही. मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही कॉलेजला नाही.

वर्ष गेलं किंवा विषय राहिले तर शिष्यवृत्ती बंद होते का?

एटीकेटीने पुढच्या वर्गात गेलात तर साधारणपणे नूतनीकरण होतं. त्याच वर्गात पुन्हा बसावं लागलं तर त्या वर्षाचा लाभ सहसा जातो, पण पुढच्या वर्गात गेल्यावर अर्ज भरायचं सोडू नका. हजेरीची अटही असते.

तक्रार कुठे करायची?

मंजुरीपेक्षा जास्त फी घेतली तर शुल्क नियामक प्राधिकरणाकडे. तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्तीबद्दल विभागीय सहसंचालक कार्यालयात. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीसाठी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे. त्याआधी कॉलेजला एक लेखी अर्ज द्या. दोन प्रती घेऊन जा, एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. शिक्का मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलू नका. पुढच्या प्रत्येक कार्यालयात पहिला प्रश्न तोच येतो: "कॉलेजला दिलेल्या अर्जाची पोच आहे का?"